जुन्या डिझाइनचे स्पीकर घरी बनवताना: काय वाचावं, काय मोजावं, कोकणात काय टिकतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वेंगुर्ल्याजवळ कौलारू घर, हाती आलेला एक जुना १२ इंची वूफर (खालचा आवाज, म्हणजे बेस, देणारा मोठा स्पीकर), आणि १९५० ते ७० या काळातल्या बॉक्सचे उतरवून ठेवलेले चार नकाशे. यातला कुठला आधी करावा आणि शिकायला काय वाचावं?

आधी स्पष्ट सांगतो: त्या चारपैकी एकही नकाशा तुमच्या वूफरसाठी काढलेला नाही. जुनं डिझाइन म्हणजे लाकडाची मापं नव्हेत. एक ठरावीक ड्रायव्हर (आवाज काढणारा सुटा स्पीकर, वूफर हा त्याचाच एक प्रकार), त्या काळचा अ‍ॅम्प्लिफायर आणि बॉक्स या तिघांचा मेळ म्हणजे ते डिझाइन. त्यातलं एक बदललं की उरलेली दोन मापं निरर्थक होतात. जेबीएल कंपनीचा १९६८ चा ४३१० हा स्पीकर आणि त्यावरून निघालेला १९७० चा एल१०० घ्या. त्यातला १२ इंची वूफर क्रॉसओव्हरमध्ये (खालचा आणि वरचा आवाज वेगवेगळ्या ड्रायव्हरना वाटून देणारं सर्किट) कुठलीही कॉइल न घालता थेट अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेला आहे. हे चाललं, कारण त्या कोनचा (हलून आवाज काढणारा कागदी पडदा) वरचा आवाज आपोआप उतरत जाईल असाच तो कोन केला होता. तोच नकाशा घेऊन त्यात बाजारातला दुसरा १२ इंची वूफर बसवला, तर दोन-तीन किलोहर्ट्झच्या आसपास कोन एकसंध न हलल्यानं जो कर्कश उंचवटा येतो तो सगळा ऐकू येणार. मग लोक दोष ट्वीटरला (वरचा आवाज देणाऱ्या छोट्या ड्रायव्हरला) देतात.

दुसरी गोष्ट काळाची. पोर्टवाला (हवेसाठी नळी ठेवलेला) बॉक्स अल्बर्ट थुरासच्या पेटंटपासून, म्हणजे १९३२ पासून माहीत होता. पण कुठल्या ड्रायव्हरला किती लिटर आणि किती ट्यूनिंग (पोर्ट कुठल्या सुराला घुमतो), याचं भरवशाचं गणित नेव्हिल थीलनं १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात मांडलं. ते १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये पुन्हा छापलं गेलं तेव्हा कुठं सगळीकडे पोचलं. लगेच पुढच्या दोन वर्षांत रिचर्ड स्मॉलचे लेख आले. म्हणजे त्याआधीचे ‘१५ इंचीला ६ घनफूट’ छापाचे नकाशे बहुतेक अंदाजानं आणि कानानं जमवलेले आहेत. ते टाकाऊ नाहीत. पण त्यातलं कारण शिकायचं आणि मापं स्वतःची काढायची. (एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर, आणि नकाशातली मापं आतली की बाहेरची हे दर वेळी तपासायचं.)

म्हणून पहिलं काम वाचणं नाही, सुतारकाम तर नाहीच. पहिलं काम हातातला वूफर मोजणं.

मोजण्याआधी तो जिवंत आहे का ते पाहा. मल्टिमीटरवर ८ ओहमच्या ड्रायव्हरचा डीसी रोध साधारण साडेपाच ते सात दिसतो, १६ ओहमवाल्याचा ११ ते १३. दोन्ही हातांची बोटं कोनवर समान पसरून तो हलकेच आत दाबा आणि कान लावा. खरखर आली तर गॅपमध्ये (चुंबकातल्या ज्या फटीत कोनची कॉइल हलते तिथे) गंज किंवा कॉइल घासतेय असं समजा. समुद्राकाठी पडून राहिलेल्या ड्रायव्हरमध्ये चुंबकाच्या लोखंडी प्लेटवर गंजाचे पापुद्रे येतात आणि तेच कॉइलला घासतात. अशा वूफरवर पेटीचा खर्च करू नका. कोनच्या कडेची रिंग फोमची असेल तर नखानं हळूच दाबून पाहा. पॉलियुरेथेन फोम दमट उष्ण हवेत विरघळल्यासारखा चिकट होतो किंवा भुगा होऊन पडतो. तो बदलता येतो. रबराची किंवा लेप दिलेल्या कापडाची रिंग असेल तर उत्तम, आणि पुढे नवा ड्रायव्हर घेतानाही आपल्याकडे रबर किंवा कापडच घ्या.

आता मोजमाप. ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात इम्पिडन्स (सुराप्रमाणे बदलणारा रोध) मोजण्याची सोय आहे. साउंडकार्डचं हेडफोन आउटपुट, १०० ओहमचा १ टक्क्याचा एक रेझिस्टर आणि दोन इनपुट एवढ्यावर भागतं. वूफर टेबलावर आडवा ठेवून मोजू नका. उभा धरा, मागचं व्हेंट (हवेचं भोक) मोकळं ठेवा. आधी तासभर २० ते २५ हर्ट्झच्या संथ सुरावर कोन हलवून घ्या, कारण वर्षानुवर्षं पडून राहिलेलं सस्पेन्शन (कोनला जागेवर धरणारा लवचीक भाग) ताठ झालेलं असतं आणि पहिलं माप खोटं येतं.

यातून एफएस (ड्रायव्हर स्वतः ज्या सुराला घुमतो तो) आणि क्यूटीएस (ती घुमणूक किती आवरली जाते याचा ‘क्यू’ आकडा) मिळतात. तिसरा आकडा व्हीएएस, म्हणजे सस्पेन्शनइतकीच लवचीक असणारी हवा किती लिटर ते. त्यासाठी कोनवर माहीत असलेलं वजन चिकटवून पुन्हा मोजायचं. साडेसहा इंचीला ८ ते १० ग्रॅम, १२ इंचीला ३० ग्रॅमच्या आसपास. एफएस वीस-पंचवीस टक्के खाली आली पाहिजे. इथे बरेच जण रुपयाची नाणी ठेवतात, आणि तिथेच फसतात: आपली स्टीलची नाणी चुंबकाला ओढली जातात, कोन एका बाजूला खेचला जातो आणि माप बिघडतं. मुलांची प्लॅस्टिसिन माती घ्या, ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर तोलून आणा आणि डस्टकॅपभोवती (कोनच्या मधल्या टोपीभोवती) सारखी दाबून बसवा.

आकडे हाती आले की गणित सोपं आहे. उदाहरणादाखल एक साडेसहा इंची ड्रायव्हर धरू: एफएस ४० हर्ट्झ, क्यूटीएस ०.४०, व्हीएएस ३० लिटर. बंद पेटीत क्यू ०.७०७ हवा असेल तर ०.७०७ ला ०.४० नं भागा, १.७७ येतात. त्याचा वर्ग ३.१२, त्यातून १ वजा, २.१२. व्हीएएसला यानं भागा: १४ लिटर. बेस ४० × १.७७, म्हणजे ७१ हर्ट्झपर्यंत. हाच ड्रायव्हर पोर्टवाल्या पेटीत साधारण २९ लिटर आणि ४० हर्ट्झ ट्यूनिंग मागतो आणि बेस ४० पर्यंत उतरतो. पोर्टचा आतला व्यास ६ सेंमी असेल तर लांबी सुमारे १४ सेंमी येते. पीव्हीसी पाइपवर छापलेला आकडा बाहेरचा व्यास असतो, म्हणून आतला व्यास कॅलिपरनं मोजूनच लांबी काढा. पाइप आधी दोन सेंमी जास्त ठेवा, पेटी बंद करून पुन्हा इम्पिडन्स मोजा, आणि आलेखातल्या दोन उंचवट्यांमधली दरी ४० हर्ट्झवर येईपर्यंत थोडाथोडा कापत जा. कापलेला पाइप वाढत नाही.

हे सगळं ‘विनआयएसडी’ हे सॉफ्टवेअर एका मिनिटात काढून देतं, तरी एकदा हातानं करा. एफएस भागिले क्यूईएस (क्यूचा चुंबक-कॉइलमुळे येणारा भाग, तोही याच मापात मिळतो) हा आकडा ५० च्या आत असेल तर ड्रायव्हर बंद पेटीचा, १०० च्या आसपास असेल तर पोर्टचा. तुमचा १२ इंची बहुधा पहिल्या गटात निघेल. त्या काळच्या घरगुती वूफरचं चुंबक कोनच्या मानानं लहान असे. मंडपवाल्यांकडचे १५ इंची मात्र उलटे असतात. क्यूटीएस ०.३ च्या खाली, आवाज प्रचंड, पण घरातल्या बंद पेटीत बेस कोरडा.

घर कसलं आहे याचाही इथे विचार करा. कौलारू घरात वर माळा नसेल तर बेस कौलांतून बाहेर निघून जातो, उतरत्या छपरामुळे उभी घुमणूक जवळजवळ होत नाही. तिथे पोर्टवाली पेटी छान चालते. स्लॅबच्या ३ × ३ मीटर खोलीत लांबी आणि रुंदी दोन्हींची घुमणूक ५७ हर्ट्झलाच येते. तिथे बंद पेटीच बरी.

आता वाचायचं काय. व्हान्स डिकासनचं ‘लाउडस्पीकर डिझाइन कुकबुक’ हे एकच पुस्तक विकत घ्यायचं असेल तर घ्या. पेटी, क्रॉसओव्हर, मोजमाप सगळं एका ठिकाणी आहे, आणि जितकी नवी आवृत्ती तितकं बरं. खोलीत आवाजाचं काय होतं आणि माणसाला काय ऐकू येतं यासाठी फ्लॉइड टूल यांचं पुस्तक. क्रॉसओव्हरसाठी सिगफ्रीड लिंकविट्झ आणि रॉड इलियट यांच्या साइट नीट वाचा, दोन्ही फुकट आहेत. जुन्या मासिकांचे स्कॅन ‘वर्ल्ड रेडिओ हिस्टरी’वर आहेत. तिथे तासन्तास जातील, म्हणून एक विषय धरूनच आत शिरा. आणि ज्याला कुणी फारसं हात लावत नाही ते साहित्य म्हणजे बीबीसीच्या संशोधन विभागाचे अहवाल. तेही फुकट उतरवता येतात. माझ्या मते हौशी माणसाला जुन्या साहित्यात यापेक्षा चांगला गुरू नाही, कारण त्यात नुसतं ‘असं करा’ नाही. काय करून पाहिलं, काय फसलं आणि का, ते आलेखासकट दिलंय.

त्यातला एलएस३/५ए या बीबीसीच्या स्पीकरचा १९७६ चा अहवाल सर्वांत आधी वाचा. बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीत मावेल असा छोटा मॉनिटर (आवाज तपासायचा स्पीकर), केईएफ कंपनीचा बी११० वूफर, टी२७ ट्वीटर, पेटी जेमतेम ३०५ × १९० × १६० मिमी. भिंती फक्त १२ मिमी बर्च प्लायच्या, आतून डांबरी थर दिलेल्या. पेटी जितकी जाड तितकी चांगली, हा समज इथे मोडतो. जाड भिंतीची घुमणूक मधल्या आवाजात, कानाला जिथे सगळ्यांत जास्त कळतं तिथे जाते. पातळ भिंतीवर जड, लवचीक थर दिला की घुमणूक खाली सरकते आणि पटकन विरते. आपल्याकडे पावसाळ्यात स्लॅबवर अंथरायची डांबरी शीट हार्डवेअरच्या दुकानात मिळते. ३ मिमीची घ्या, चिकटवा आणि वरून स्टेपल मारा, कारण मे महिन्याच्या उकाड्यात नुसती चिकटवलेली शीट घसरते. हा स्पीकर जसाच्या तसा बनवण्याच्या भानगडीत पडू नका. जुळवलेले ड्रायव्हर सहज मिळत नाहीत आणि क्रॉसओव्हर त्यांच्याच वक्रावर बेतलेला आहे.

पहिलं जुनं डिझाइन म्हणून तुम्ही एडगर विल्चरची बंद पेटी करा. १९५४ चा एआर-१. कल्पना अशी की कोनचं सस्पेन्शन मुद्दाम ढिलं ठेवायचं आणि पेटीतल्या हवेला स्प्रिंगचं काम द्यायचं. सुमारे ४८ लिटरमध्ये १२ इंची वूफर त्या काळच्या कपाटाएवढ्या पेट्यांपेक्षा खाली उतरला, तो यामुळे. अट एकच, पेटी हवाबंद हवी. तपासायची रीत: कोन अर्धा सेंमी दाबून सोडा. तो सावकाश जागेवर आला तर ठीक. झटक्यात आला तर कुठेतरी गळती आहे. गळती बहुतेक वेळा टर्मिनलच्या प्लेटखाली किंवा वूफरच्या गॅस्केटला असते, सांध्यात नसते.

व्हार्फडेलचा संस्थापक गिल्बर्ट ब्रिग्ज कोकणातल्या माणसाला विशेष जवळचा वाटेल. दोन प्लायच्या मध्ये वाळू भरलेलं बॅफल (ड्रायव्हर बसवायची पुढची फळी) आणि कोपऱ्यात बांधलेली विटांची पेटी, या दोन्ही त्याच्या गाजलेल्या रीती. विटांऐवजी आपला जांभ्याचा चिरा उत्तम. पण जांभा सच्छिद्र असतो, आतून सिमेंटचा गिलावा दिल्याशिवाय पेटी हवा धरत नाही. वाळू भरणार असाल तर समुद्राची किंवा खाडीची अजिबात नको. त्यातलं मीठ पावसाळाभर ओल ओढतं, प्लाय फुगतो, स्क्रू खातो. नदीची वाळू गोड्या पाण्यात दोनदा धुऊन, उन्हात वाळवून, मग लोखंडी कढईत भाजून भरा.

बेलीनं १९६५ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये मांडलेली ट्रान्समिशन लाइन (कोनच्या मागचा आवाज लांब, भरण घातलेल्या मार्गात जिरवणारी पेटी) दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नासाठी ठेवा. ४० हर्ट्झसाठी घडी घातलेला मार्ग २.१४ मीटर लांब होतो, आणि भरणीला लांब धाग्याची लोकर लागते, घनफुटाला सुमारे २२५ ग्रॅम. लोकरीला आपल्याकडे कसर लागते. गादीवाल्याकडचा पॉलिएस्टर फायबर वापरा. सावरीचा कापूस नको, तो ओलीनं गोळा होऊन तळाशी बसतो. फायबर बदलला की प्रमाणही बदलतं, तेवढं मोजून ठरवा.

क्लिपशॉर्नचं (कोपऱ्यात ठेवायच्या हॉर्नवाल्या, म्हणजे भोंग्याच्या, स्पीकरचं) आकर्षण मी समजू शकतो. १९४६ पासून चालत आलेलं डिझाइन आहे. पण खोलीच्या दोन भिंती हाच त्याच्या हॉर्नचा शेवटचा भाग असतो. कोपऱ्यापासून दोन्हीकडे सव्वा-दीड मीटर सलग भिंत हवी. आपल्या घरांत कोपऱ्याला लागूनच दार किंवा खिडकी असते. नसेल तरच विचार करा.

जुने फुल-रेंज (खालचा-वरचा सगळा आवाज एकट्यानंच देणारे) ड्रायव्हर, फिलिप्सच्या ९७१० सारखे, कुणाकडे सापडले तर एक लक्षात ठेवा. ते व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) अ‍ॅम्प्लिफायरसाठी होते, आणि व्हॉल्व्हचा आउटपुट रोध जास्त असतो. आजच्या अ‍ॅम्प्लिफायरवर बेस हडकुळा वाटतो, म्हणून ड्रायव्हर वाईट ठरवला जातो. सिरीजमध्ये १ ते ४ ओहमचा १० वॉटचा रेझिस्टर घाला. डीसी रोध ६ असेल आणि २ ओहम घातले तर क्यूईएस एक-तृतीयांशानं वाढतो आणि बेस भरतो.

क्रॉसओव्हरमध्ये जुने इलेक्ट्रोलिटिक कॅपेसिटर बदलावेच लागतात. त्या जागी फिल्म कॅपेसिटर घातला की ट्वीटर एकदम बोचायला लागतो, कारण जुन्या कॅपेसिटरचा स्वतःचा थोडा रोध डिझाइनमध्ये धरलेला असतो. अर्ध्या ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये द्या. कॉइल मात्र घरी गुंडाळा, मुंबईहून लॅमिंग्टन रोडवरून मागवायची गरज नाही. पंपाच्या मोटारी रिवाइंड करणारा प्रत्येक तालुक्याला असतो, त्याच्याकडे इनॅमलची तांब्याची तार वजनावर मिळते. सूत्र असं: सरासरी त्रिज्या, लांबी आणि गुंडाळीची जाडी सेंमीमध्ये घ्या. ०.३१५ × त्रिज्येचा वर्ग × वेढ्यांचा वर्ग, भागिले (६ × त्रिज्या + ९ × लांबी + १० × जाडी). उत्तर मायक्रोहेन्रीत. बाहेरचा व्यास ४० मिमी असलेला पीव्हीसी पाइप, दोन बाजूंना प्लायच्या चकत्या, मध्ये २५ मिमी जागा, १ मिमी तार, २०० वेढे. जाडी १ सेंमी भरते, सरासरी त्रिज्या अडीच. उत्तर सुमारे १.६५ मिलिहेन्री. तार ३१ मीटर, वजन २२० ग्रॅमच्या आसपास, रोध ०.७ ओहम. वेढे पाच-दहा जास्त घाला आणि मोजत मोजत उलगडा. शेवटी वार्निश पाजा, नाहीतर खाऱ्या हवेत तारेवर हिरवा गंज धरतो. दोन कॉइल शेजारी ठेवायच्या तर एकमेकींना काटकोनात आणि वूफरच्या चुंबकापासून लांब.

लाकूड: एमडीएफ आपल्याकडे नको. पहिल्या पावसात कडा पावासारख्या फुगतात. आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय घ्या, १८ मिमी. बीबीसी पद्धत करायची तर १२. आतून-बाहेरून दोन्ही बाजूंना सारखाच सीलर द्या, एकाच बाजूला दिला तर फळी वाकते. कापलेल्या कडांना तीन हात. स्क्रू स्टेनलेस ३०४ चे, टर्मिनलच्या लगला टिनिंग (कथलाचा थर) करून वर थोडं व्हॅसलिन. पेटीचं सुतारकाम दिवाळीनंतर ते शिमग्यापर्यंत उरका. जुलैत ओल्या लाकडावर केलेले सांधे एप्रिलमध्ये उघडतात, आणि विल्चरच्या पेटीत ते चालणार नाही. फणस किंवा सागाची पट्टी दर्शनी भागाला लावायची असेल तर ती वर्षभर सावलीत मुरलेली असावी. कागदी कोनही हवेतली ओल धरतो, म्हणून दोन वूफरची जोडी जुळवताना दोन्ही एकाच दिवशी मोजा.

शेवटचं मोजमाप खळ्यात (घरापुढच्या मोकळ्या अंगणात) करा. शहरातल्या माणसाकडे ही सोय नाही, तुमच्याकडे आहे. सिमेंटचं किंवा घट्ट सारवलेलं खळं, भिंती आणि माडांपासून शक्य तितकं मधोमध. स्पीकर जमिनीवर ठेवा, मायक्रोफोन दोन मीटरवर थेट जमिनीला टेकवून ठेवा, आणि स्पीकर मागून पाचर देऊन मायक्रोफोनकडे झुकवा. जमिनीचा परावर्तित आवाज मूळ आवाजाबरोबरच पोचतो, म्हणून त्याची ढवळाढवळ होत नाही. सगळं माप फक्त ६ डेसिबल जास्त दिसतं, ते वजा करा. बेस आणि मधल्या आवाजासाठी हे छान चालतं. वरच्या आवाजासाठी स्पीकर दोन मीटर उंचीवर चढवा, मायक्रोफोन त्याच उंचीवर एक मीटर समोर धरा. जमिनीवरचा आवाज ९ मिलिसेकंदांनी येतो, तिथपर्यंतच माप कापलं की ११० हर्ट्झच्या वरचं चित्र स्वच्छ मिळतं. दोन्ही फाइल ‘व्हिटुइक्सकॅड’ या सॉफ्टवेअरमध्ये जोडा आणि क्रॉसओव्हर तिथेच आखा. हेही फुकट आहे. वेळ पहाटेची धरा. दुपारी समुद्रावरचा वारा सुटला की मायक्रोफोनमध्ये खालचा सगळा भाग त्याच्या घोंघावण्यानं भरून जातो.

याच मापात एक उतार दिसेल. पेटीची रुंदी मीटरमध्ये घेऊन ११५ ला तिनं भागा; २५ सेंमीच्या पेटीला ४६० हर्ट्झ येतात. त्याखाली आवाज पेटीला वळसा घालून मागे जातो आणि हळूहळू ६ डेसिबलपर्यंत कमी होतो. खळ्यातलं माप पाहून पूर्ण ६ भरून काढू नका. घरात स्पीकर भिंतीजवळ बसणार, भिंत त्यातलं थोडं परत देते. ३ ते ४ पुरतात.

पोर्ट असेल तर त्याच्या बाहेरच्या तोंडाला नायलॉनची मच्छर-जाळी ताणून बसवा. कुंभारीण माशी अशा गोल भोकात मातीचं घर करते, आणि ट्यूनिंग कुठल्या कुठे जातं. पाली शिरतात त्या वेगळ्याच. कोन किंवा बॅफल खोलण्याआधी ‘बेस का गेला’ याचं उत्तर पोर्टमध्ये टॉर्च मारून पाहा.